सत्तेचाळीस

अंत्सिराबेच्या कापडगिरणीत
इचलकरंजीहून आलेले चोवीस माग उभे करायचं काम.
सात आठवडे झाले मला मादागास्करात.
जूनमध्ये इथे कडाक्याची थंडी असते,
हे निघताना कुणी सांगितलं नव्हतं.

फेनित्र म्हणाला, सव्वीसला सुट्टी, स्वातंत्र्यदिन,
पण खरी मजा आदल्या रात्री.
दारोदार झेंडे लागले होते,
पांढरा, तांबडा, हिरवा.
मी सवयीनं केशरी शोधला
आणि ओशाळलो,
दुसऱ्याच्या दारात आपली चप्पल शोधणाऱ्यासारखा.

कोपऱ्यावर लालाओ नावाची म्हातारी कंदील विकत होती.
पातळ कागदाचे, घडीचे, पेटीच्या भात्यासारखे,
आत बोटभर मेणबत्ती.
कुणासाठी हवाय, तिनं विचारलं.
माझ्यासाठीच, म्हणालो.
रांगेतली पोरं खिदळली.
आमच्याकडेही असतात, मी सांगितलं,
दिवाळीत, पण ते टांगलेले.
इथले चालतात, म्हणाली.

मग तिनं विचारलं,
तुमचा देश कधी सुटला?

सत्तेचाळीस साली,
मी जरा छाती काढूनच म्हणालो,
जसं काही मीच सोडवला होता.
फेनित्रनं आकडा पुढे पोचवला नाही.
बुटानं माती उकरत राहिला.
त्याला कळलं नसेल, म्हणून मी खिशातला कागद काढला,
त्यावर लिहिलं: १९४७.
तिला वाचता येईना.
मग त्याखाली इंग्रजी आकड्यांत लिहिलं.

तिनं त्यावर अंगठा ठेवला.
उचलला नाही.
बोलत राहिली, बराच वेळ, खालच्या आवाजात,
मध्येच एका पोराला दोन कंदील विकून पुन्हा बोलली.
फेनित्रनं त्यातलं एवढंच माझ्या हाती दिलं:
त्या वर्षी हिचा बाप पूर्वेच्या रानात गेला, बंडात.
त्यांच्याकडे भाले होते. फ्रेंचांकडे विमानं.
ही तेव्हा या टेबलाएवढी.
आईनं पुढे तेरा वर्षं, साठ साल उजाडेपर्यंत,
रोज एक मूठ तांदूळ जास्तीचा घातला.

आणि साठनंतर?

नंतर तांदूळ महागला, म्हणते.

मला काय बोलावं सुचेना.
आमच्या शाळेत सत्तेचाळीस म्हणजे
इस्त्रीचा पांढरा सदरा, प्रभातफेरी,
आणि घरी येताना द्रोणात गरम जिलबी.
गल्लीतले भोजवानी कापडवाले
सगळ्या पोरांना स्वखर्चानं जिलबी वाटायचे,
स्वतः मात्र त्या दिवशी तुकडाही तोंडात घालायचे नाहीत.
मधुमेह असेल, असं आम्ही धरून चाललो.
कराची हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला,
तोही एका बिस्किटाच्या संदर्भात.

कंदिलात मेणबत्ती डुगडुगत होती.
लालाओनं तोच कागद चौपदरी दुमडला,
बुडाशी कोंबला, हलवून बघितलं.
बसली घट्ट.
पैसे पूर्ण घेतले.

मग आम्ही निघालो.
फेनित्रची भाची मिओरा पुढे, तिच्या पुढे शंभरेक कंदील,
मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडांनी.
घोषणा नाहीत, भाषण नाही,
नुसती चालणारी पोरं आणि वाऱ्याला पाठ करून
आपापली ज्योत ओंजळीत धरणं.
एकाचा कंदील भडकला
तेव्हा सगळ्यांनी आनंदानं आरोळी ठोकली
आणि त्याचा बाप दुसरा आणायला पळाला.
मैदानावर आतषबाजी झाली, कुत्री भुंकली,
माणूस ओढतो त्या रिक्षांत
झोपलेली मुलं घरी गेली.

खोलीवर येऊन कंदील उलटा केला, कागद सोडवला.
मेण ओघळून
मी माझ्या लिपीत लिहिलेला आकडा
पुरता झाकला गेला होता.
खालचा वाचता येत होता.